सहा तासांचं चुकलेलं गणित

सबमिशनला नऊ दिवस उरले होते आणि आमचा वारा काही केल्या नीट वाहत नव्हता.

झालं असं की फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझ्या पार्टनरने पवनचक्क्यांचा विषय घेतला होता. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर वर्षभरात वारा किती आणि कुठून वाहतो, याचा नकाशा काढायचा. पठारावर मनोरा उभारून मोजमाप करायला आमच्याकडे ना वेळ होता, ना पैसा. म्हणून युरोपियन हवामान केंद्राचा 'एरा-५' हा डेटा फुकटात उतरवून घेतला आणि पायथॉनमध्ये वाचायला बसलो. या डेटात अख्ख्या पृथ्वीवर पाव-पाव अंशाची जाळी टाकलेली आहे. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर, दर तासाला, वाऱ्याचे दोन आकडे असतात. 'यू' म्हणजे पूर्वेकडे जाणारा भाग आणि 'व्ही' म्हणजे उत्तरेकडे जाणारा भाग. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, झाला वेग. अकरावीतलं व्हेक्टरचं गणित. सोपं वाटलं.

पहिल्याच रात्री दणका बसला. अक्षांश १५ ते २२ एवढा तुकडा मागितला तर प्रोग्रॅमने रिकामा ॲरे हातात ठेवला. दोन तासांनी कळलं की या फाइलमध्ये अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेले आहेत, म्हणून २२ ते १५ असं मागायला हवं. मग बाण उलटे आले. जूनमधला वारा ईशान्येकडून येतोय असं आमचा तक्ता सांगत होता. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती दिशा, आणि आम्ही तो जिथे जातो ती काढली होती! हेही निस्तरलं. पण शेवटची अडचण हटेना. चाळकेवाडीचा जो वर्षाचा सरासरी वेग आम्ही काढला, तो तिथल्या मनोऱ्यावर पूर्वी मोजलेल्या छापील आकड्यांपेक्षा फारच कमी येत होता.

पार्टनरने व्यवहारी उपाय सुचवला. एक करेक्शन फॅक्टर टाकायचा, त्याने सगळे आकडे गुणायचे, ग्राफ जुळला की बाइंडिंगला द्यायचं. खोटं कशाला बोलू, मलाही तो उपाय पटला होता. फक्त फॅक्टर टाकण्याआधी सरांना एकदा विचारावं म्हणून गेलो. सर रागावले नाहीत. त्यांनी एका माणसाचं नाव सांगितलं आणि त्याचं आयुष्य वाचून परवा या म्हणाले. ते नाव होतं लुईस फ्राय रिचर्डसन.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये 'रिचर्डसन नंबर' आपण सगळ्यांनी पाठ केलाय, न्यूमरिकल मेथड्समध्ये 'रिचर्डसन एक्स्ट्रापोलेशन' केलंय. ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मग वाचतच गेलो.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल अपॉन टाइन इथे झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. सात भावंडांत हे सगळ्यात धाकटे. घराणं क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे युद्धात शस्त्र हाती धरायचं नाही असं मानणारी माणसं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं आयुष्य या एका खुंटीला बांधलेलं आहे. शाळा यॉर्कला, मग न्यूकॅसलचं कॉलेज आणि नंतर केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. १९०३ साली ते निसर्गविज्ञान घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

एवढी मोठी डिग्री घेऊन माणूस एका जागी चिकटेल असं वाटतं ना? पण पुढची दहा वर्षं त्यांनी नोकऱ्या बदलण्यातच काढली. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी, वेल्समधलं कॉलेज, दिव्यांचा कारखाना. यातच १९०६-०७ मध्ये त्यांनी पीटच्या कंपनीत केमिस्ट म्हणून काम केलं. पीट म्हणजे दलदलीतली, जळणासाठी वापरतात ती माती. तिच्यातलं पाणी काढायला चर कसे खणावेत हा प्रश्न होता. समीकरण माहीत होतं, पण जमिनीचा आकार असा वेडावाकडा की कागदावर सोडवून उत्तर निघत नव्हतं. तेव्हा रिचर्डसननी जमिनीवर मनातल्या मनात चौकटींची जाळी टाकली आणि डिफरन्शियल इक्वेशनच्या जागी शेजारशेजारच्या चौकटींमधल्या आकड्यांची साधी वजाबाकी ठेवली. फायनाइट डिफरन्स! चौथ्या सेमिस्टरला ज्याने आपली झोप उडवली ती ही पद्धत. तिची कल्पना त्यांच्या आधीपासून होती, पण खऱ्याखुऱ्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नाला ती इतक्या पद्धतशीरपणे वापरणाऱ्या पहिल्या माणसांत ते होते.

हीच रीत त्यांनी दगडी धरणातल्या स्ट्रेसच्या प्रश्नाला लावली. त्यावरचा त्यांचा पेपर १९१० साली रॉयल सोसायटीपुढे आला. गणितं करायला त्यांनी पोरं लावली होती आणि पगाराचा हिशोबही गणितीच ठेवला होता. एका बिंदूच्या गणिताला, त्यातल्या अंकांच्या संख्येला १८ ने भागून जे येईल तितके पेन्स. चुकलेल्या गणिताला काही नाही. एक चलाख मुलगा आठवड्याला तीन अंकी आकड्यांची २००० गणितं करायचा. हाच प्रबंध त्यांनी किंग्ज कॉलेजच्या फेलोशिपसाठी दिला, पण फेलोशिप काही मिळाली नाही.

१९०९ मध्ये डोरोथी गार्नेट यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे या दोघांनी तीन मुलं दत्तक घेतली. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समोरचा हिमनग ओळखता येईल हे त्यांच्या डोक्यात आलं. बायकोला बरोबर घेऊन ते होडीत बसले, शिट्टी वाजवली, आणि परत येणारा आवाज पकडायला कानामागे छत्री उघडून धरली! आधी हवेतल्या आणि नंतर पाण्याखालच्या आवाजासाठी त्यांनी पेटंटचे अर्ज केले. पुढे सोनार ज्या तत्त्वावर निघालं, तेच हे तत्त्व.

१९१३ साली ब्रिटिश हवामान खात्याने त्यांना स्कॉटलंडच्या दक्षिण भागातल्या एस्कडेलम्युर वेधशाळेचं प्रमुख नेमलं. सतत पाऊस आणि आसपास वस्ती जवळजवळ नाही. इथे त्यांना सवड मिळाली आणि जुना प्रश्न नव्या जागी ठेवता आला. जी जाळी पीटवर टाकली, धरणावर टाकली, ती हवेवर टाकली तर?

त्या काळी हवामानाचा अंदाज म्हणजे जुन्या नकाशांशी आजचा नकाशा ताडून पाहणं. पूर्वी असा नकाशा होता तेव्हा पाऊस पडला, म्हणजे आताही पडेल. रिचर्डसन यांना हे पटत नव्हतं. हवा काही इतिहास वाचून वागत नाही, ती भौतिकशास्त्राचे नियम पाळते. नॉर्वेच्या व्हिल्हेल्म ब्येर्कनेस यांनी १९०४ मध्येच मांडलं होतं की आजची स्थिती आणि नियम माहीत असतील तर उद्याची स्थिती काढता आली पाहिजे. पण समीकरणं आकड्यांनी सोडवून दाखवणारा कोणी नव्हता. रिचर्डसननी नकाशावर बुद्धिबळाचा पट आखला. एक घर साधारण २०० किलोमीटरचं. उंचीचे पाच थर केले. आणि खुबी अशी की एका रंगाच्या घरात दाब मोजायचा, दुसऱ्या रंगाच्या घरात वारा, म्हणजे शेजारच्या घरांची वजाबाकी बरोबर मधल्या घरात कामाला येते. वारा आणि दाब जाळीत असे सरकवून ठेवण्याची युक्ती आजची मॉडेल्सही वेगवेगळ्या रूपांत वापरतात.

पुस्तकाचा पहिला खर्डा झाला, आणि बाहेर पहिलं महायुद्ध पेटलेलं. क्वेकर असल्यामुळे ते बंदूक धरणार नव्हते. पण लोक मरत असताना वेधशाळेत स्वस्थ बसणंही त्यांना जमेना. १९१६ मध्ये त्यांनी वेधशाळेची नोकरी सोडली आणि क्वेकरांच्या ॲम्ब्युलन्स तुकडीत ड्रायव्हर म्हणून फ्रान्सला गेले. फ्रेंच सैन्याच्या जखमी जवानांना तोफांच्या माऱ्यातून मागे आणायचं, हे काम. हस्तलिखित बरोबर होतंच.

आणि तिथे, आघाडीमागच्या विश्रांतीच्या ठिकाणी, गवताच्या ढिगावर बसून त्यांनी जगातलं पहिलं आकडेमोडीचं हवामान-भाकीत केलं. दिवस निवडला २० मे १९१०. त्या दिवसांत युरोपात ठिकठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेतली होती आणि ब्येर्कनेस यांनी त्यांचे नकाशे छापले होते. सकाळी सातची स्थिती घ्यायची आणि मध्य युरोपातल्या फक्त दोन स्तंभांसाठी, सहा तासांत दाब आणि वारा किती बदलतो ते काढायचं. स्लाइड रूल हातात, आणि आकडे भरायला स्वतः आखलेले तक्ते. तक्ते तयार करण्यासकट या कामाला जवळजवळ सहा आठवडे लागले. सहा तासांच्या हवामानाला सहा आठवडे! १९१७ च्या एप्रिलमध्ये शॅम्पेनच्या लढाईच्या वेळी हस्तलिखित सुरक्षिततेसाठी मागे पाठवलं, तर ते गहाळच झालं. काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. आपली पेन ड्राइव्ह एक दिवस हरवली तर आपण होस्टेल डोक्यावर घेतो.

आता उत्तर ऐका. त्यांच्या गणिताप्रमाणे म्युनिकच्या आसपास हवेचा दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने वाढायला हवा होता. ही वाढ केवढी? १९७९ साली 'टिप' वादळाच्या पोटात ८७० हेक्टोपास्कल दाब नोंदला गेला, समुद्रसपाटीवरचा तो आजवरचा सगळ्यात कमी नोंदलेला दाब आहे. नेहमीचा दाब १०१३ धरला तर फरक होतो १४३. म्हणजे रिचर्डसन यांचं गणित सांगत होतं की टिपच्या पोटापासून सामान्य दिवसापर्यंत जेवढं अंतर, त्याहून मोठी उडी म्युनिकची हवा न्याहारी ते दुपारच्या जेवणाच्या आत मारणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाही नव्हता.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमचा आकडा मनोऱ्यापेक्षा कमी आला तर आम्ही फॅक्टर शोधत होतो. या माणसाकडे तर पूर्ण संधी होती. जगात दुसऱ्या कोणी हे गणित केलेलंच नव्हतं. एखादा आकडा थोडा इकडे-तिकडे केला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. किंवा उदाहरणाचं प्रकरणच गाळून नुसती पद्धत छापता आली असती. रिचर्डसननी यातलं काही केलं नाही. १९२२ मध्ये त्यांचं पुस्तक केंब्रिजहून निघालं, त्यात हे संपूर्ण चुकलेलं गणित तक्त्यांसकट छापलं. दोष बहुधा सुरुवातीच्या वाऱ्याच्या आकड्यांत आहे, असं कारणही देऊन टाकलं.

चूक कशी झाली ते आपल्या भाषेत सांगतो. एखाद्या ठिकाणचा दाब म्हणजे तिथे डोक्यावर असलेल्या हवेचं वजन. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने जाते. येणारी आणि जाणारी, दोन्ही रकमा प्रचंड, आणि त्यांच्यातला फरक अगदी किरकोळ. बँकेत दोन लाख आले आणि दोन लाखांना दहा रुपये कमी असे गेले, तर शिल्लक दहा रुपये. पण मोजणाऱ्याने एका बाजूला नुसती एक टक्का चूक केली की शिल्लक दोन हजारांनी हुकते. निसर्गात वारा आणि दाब एकमेकांना सांभाळून असतात. थोड्याशा फुग्यांवरून काढलेल्या आकड्यांत तो समतोल नव्हता. त्यामुळे हवेतल्या झटपट येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांचा क्षणभराचा वेग गणिताने धरला आणि तोच सहा तास ताणला. आपल्याला लगेच सीएफएलची अट आठवते, पण ती १९२८ ची, आणि त्यांनी वेळेचं एकच पाऊल टाकलं होतं, तेव्हा इथे दोष तिचा नव्हे. पुढे आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच आकडे घेऊन, आधी त्यातल्या खोट्या लाटा गाळून, तेच गणित संगणकावर परत केलं. उत्तर आलं एक हेक्टोपास्कलच्याही आत. म्हणजे रिचर्डसन यांची पद्धत बरोबर होती.

त्याच पुस्तकात त्यांनी एक स्वप्नही लिहून ठेवलंय. एक भलंमोठं गोल नाट्यगृह, आतल्या भिंतींवर जगाचा नकाशा, आणि आपापल्या चौकटीचं गणित करत बसलेले ६४,००० कॉम्प्युटर. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे हिशोब करणारा माणूस! मधल्या खांबावर बसलेला प्रमुख, पुढे धावणाऱ्या विभागावर गुलाबी आणि मागे पडणाऱ्यावर निळा प्रकाश टाकतोय. आजचं पॅरलल प्रोसेसिंग याहून वेगळं काय आहे? नाट्यगृहाबाहेर मैदानं, डोंगर आणि तळीसुद्धा त्यांनी ठेवली होती, हवेचं गणित करणाऱ्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून. गंमत म्हणजे पृथ्वीवरच्या ३२०० स्तंभांपैकी त्यांनी २००० च हिशोबात धरले, कारण उष्ण कटिबंधातलं हवामान बहुतेक आधीच ठाऊक असतं असा त्यांचा समज. मे महिन्याच्या अखेरीस आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगून बघा.

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले होते. पण १९२० मध्ये हे खातं विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेलं आणि रिचर्डसननी राजीनामा दिला. लष्कराशी जोडलेल्या जागी काम करायचं नाही म्हणजे नाही. लंडनमध्ये एका ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला लागले. हवेतल्या खळबळीवरचं त्यांचं संशोधन चालूच होतं. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की धूर हवेत कसा पसरतो या त्यांच्या कामात सगळ्यात जास्त रस विषारी वायूच्या तज्ज्ञांना आहे. त्यांनी हवामानावरचं काम थांबवलं आणि जे छापलं नव्हतं ते नष्ट करून टाकलं. मला या ठिकाणी त्यांच्याशी वाद घालावासा वाटला. ज्ञान फाडून टाकल्याने युद्ध थांबतं का? पण स्वतःच्या हाताने वर्षांची मेहनत फाडताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार आला आणि माझा वाद तिथेच राहिला.

मग त्यांनी युद्धालाच गणित लावलं. मानसशास्त्राची पदवी घेतली, १९२९ पासून स्कॉटलंडमध्ये पेझ्ली इथल्या टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि उरलेल्या वेळात शस्त्रस्पर्धेची समीकरणं मांडली. १८२० पासूनच्या युद्धांची मोजदाद केली. या कामाला पूर्ण वेळ मिळावा म्हणून १९४० मध्ये नोकरी सोडली. शेजारी देशांची सरहद्द जितकी लांब तितकी युद्धं जास्त का, हे तपासताना त्यांना दिसलं की सरहद्दीची लांबीच पुस्तकागणिक बदलते. स्पेन-पोर्तुगाल सरहद्द एका ठिकाणी ९८७ किलोमीटर, दुसरीकडे १२१४. मोजपट्टी जितकी लहान तितकी लांबी जास्त. हेच काम मँडेलब्रॉट यांच्या हाती लागलं आणि त्यातून त्यांचा १९६७ चा ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध पेपर आणि पुढे फ्रॅक्टल निघाले. रिचर्डसन यांना हे बघायला मिळालं नाही. त्यांची युद्धावरची दोन मोठी पुस्तकं मृत्यूनंतर, १९६० मध्ये निघाली.

एक गोष्ट मात्र त्यांना बघायला मिळाली. १९५० मध्ये अमेरिकेत चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिॲक संगणकावर हवामानाचं भाकीत केलं. २४ तासांच्या भाकिताला साधारण २४ तास लागले, म्हणजे गणिताने हवेला जेमतेम गाठलं. चार्नींनी ते काम रिचर्डसन यांना पाठवलं. सत्तरीच्या या माणसाने मनापासून अभिनंदन कळवलं, आणि आपल्या एकुलत्या एक, चुकीच्या उत्तरापेक्षा हे कितीतरी पुढे गेलंय असं स्वतःच लिहिलं. पुढे ३० सप्टेंबर १९५३ रोजी ते वारले.

हे सगळं वाचून झाल्यावर मला राहवेना. प्रोजेक्ट बाजूला ठेवून २० मे १९१० चा वारा बघायचं ठरवलं. एरा-५ तर १९४० पासूनच सुरू होतो. पण विसाव्या शतकाच्या हवामानाचा आणखी एक डेटा आहे. जहाजांच्या आणि केंद्रांच्या जुन्या दाबाच्या नोंदी मॉडेलमध्ये घालून त्यांनी १८३६ पर्यंत मागे, एक अंशाच्या जाळीत, दर तीन तासांची हवा परत उभी केली आहे. फाइल उतरवली. वेळ तासांत लिहिलेली, तीही १८०० सालापासून मोजून. ती तारखेत बदलली, युरोपचा तुकडा कापला, दाबाच्या रेषा काढल्या, वर वाऱ्याचे बाण टाकले. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम. चहा गार व्हायच्या आत नकाशा स्क्रीनवर. जर्मनीवर रेषा विरळ, बाण आखूड. तीन तास पुढे गेलो, आणखी तीन तास पुढे गेलो. काहीच घडेना. एक शांत सकाळ, बस्स. याच सकाळीसाठी एक माणूस रक्ताने भरलेली गाडी धुऊन, गवतावर बसून सहा आठवडे वजाबाक्या करत होता.

मग आमच्या प्रोजेक्टकडे नव्याने बघितलं आणि एक चूक लगेच सापडली. आम्ही आधी वर्षभराच्या यूची आणि व्हीची सरासरी काढली आणि मग तिच्यावरून वेग. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा अधिक, हिवाळ्यातला पूर्वेचा उणे. दोन मोठ्या रकमांनी एकमेकांना खाऊन टाकलं. अगदी रिचर्डसनसारखी वजाबाकी, फक्त आमच्या बाबतीत दोष सर्वस्वी आमचाच. आधी दर तासाचा वेग आणि मग सरासरी असं केल्यावर आकडा बराच वर आला. तरी मनोऱ्याला पोचला नाहीच. कारण जाळीचं एक घर साधारण २८ किलोमीटरचं. त्या एका घरात पठार, त्याचा कडा आणि खालची दरी सगळं एकच होऊन सपाट होतं, मग कड्यावर चढून जोर धरणारा वारा मॉडेलला दिसणार कसा? रिचर्डसन यांच्या एका घरात आमची पन्नासेक घरं मावतील, तरी आमची जाळी अजून मोठीच. पुण्यात उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ मध्ये 'अर्का' हा महासंगणक आला, आणि २०२५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी सहा किलोमीटर जाळीचं मॉडेल चालू केलं. एवढा खटाटोप घर लहान करण्यासाठी का करतात, ते तेव्हा कळलं.

फॅक्टर आम्ही टाकला नाही. पार्टनर आधी कुरकुरला, पण १४५ चा किस्सा ऐकल्यावर तोच म्हणाला की शेवटी एक वेगळं प्रकरण घालू या, आमचं उत्तर कुठे आणि का चुकतं याचं. चार पानं झाली. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जाड रिपोर्ट चाळला आणि थेट त्याच चार पानांवर बोट ठेवलं. पंचवीस मिनिटं फक्त त्यावर प्रश्न. घाम फुटला, पण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आम्हाला देता आलं, कारण ती चूक आमची स्वतःची होती, आणि आम्ही ती नीट ओळखत होतो.

ज्युनिअर मित्रांनो, तुमच्याही प्रोजेक्टमध्ये एका रात्री ग्राफ जुळणार नाही आणि कोणीतरी फॅक्टर सुचवेल. तो टाकण्याआधी २० मे १९१० चा नकाशा एकदा काढून बघा. दहा-बारा ओळी लागतात.